एका गिझरने काय होणार?

वाचकाचा प्रश्न: नाशिकचे एक वाचक, वय ६३. राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झाले असून ४० सदनिकांच्या सोसायटीत पत्नीसह राहतात. तीन वर्षांपूर्वी हवामान बदलाविषयी वाचायला लागले आणि घरातली एकेक गोष्ट कमी करत गेले. गाडी विकली, एसी घेतलाच नाही, गिझर बंद केला; अंघोळीचं पाणी आता गॅसवर तापतं. महिन्याचा वीजवापर १८० युनिटवरून १२० वर आला. सकाळी फिरायला येणारे मित्र म्हणतात, "तुझ्या एकट्याच्या गिझरने काय होणार? चीन-अमेरिकेला सांग जाऊन." आता मुलाने न्यू जर्सीला बोलावलं आहे, नोव्हेंबरात नातीचा पहिला वाढदिवस आहे. तीन वर्षांत वाचवलेलं सगळं त्या एका विमानप्रवासात उडून जाईल, म्हणून यांनी नकार कळवला. तेव्हापासून पत्नी कामापुरतंच बोलते. परवा म्हणाली, "तुम्ही राहा इथे, मी एकटी जाते." वाचक विचारतात: माझ्या एकट्याच्या काटकसरीला काही अर्थ असेल, तर मी विमानात बसू कसा? आणि अर्थ नसेल, तर तीन वर्षं घरच्यांना त्रास कशासाठी दिला?

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुमच्या दोन्ही प्रश्नांच्या तळाशी एकच समजूत आहे: एका माणसाच्या वागण्याने एकतर सगळं होतं, नाहीतर काहीच होत नाही. मित्रांचा टोमणाही त्याच समजुतीवर उभा आहे. म्हणून आधी तिच्याकडे पाहू, मग विमानाकडे आणि घरातल्या अबोल्याकडे.

तुम्ही बँकेत होतात, तेव्हा हिशेबच मांडू. आपल्याकडच्या विजेत अजूनही सर्वांत मोठा वाटा कोळशाचा. त्यामुळे एक युनिट वीज वापरली की साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तुम्ही महिन्याला ६० युनिट वाचवता, म्हणजे वर्षाला ७२० युनिट, म्हणजे सुमारे अर्धा टन. जगाचं वर्षाचं उत्सर्जन ३७ अब्ज टनांच्या घरात आहे. त्यापुढे अर्धा टन दिसतसुद्धा नाही, हे मित्रांचं म्हणणं अंकगणित म्हणून बरोबर आहे.

पण न दिसणं आणि नसणं यांत फरक आहे, आणि इथे विज्ञान तुमच्या बाजूने आहे. तापमान किती वाढणार हे आजवर एकूण किती कार्बन डायऑक्साइड सोडला गेला त्याच्या जवळजवळ प्रमाणात ठरतं. दीड अंश तापमानवाढ ही २०१५ च्या पॅरिस करारात राष्ट्रांनी समोर ठेवलेली मर्यादा. तिच्या अलीकडे सारं सुरक्षित आणि पलीकडे सारं संपलं, असं निसर्गात काही नाही. प्रत्येक टन आपापल्या वजनाइतका मोजला जातो. २०१६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात डर्क नोट्झ आणि ज्युलियन स्ट्रोव्ह या शास्त्रज्ञांनी उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रावरल्या बर्फाचा हिशेब मांडला. हवेत एक टन कार्बन डायऑक्साइड गेला की सप्टेंबरातला, म्हणजे उन्हाळा संपतानाचा, सुमारे तीन चौरस मीटर बर्फ कमी होतो. तुम्ही वाचवलेल्या विजेमुळे, गॅसचा हिशेब वजा न करता, दर वर्षी दीड चौरस मीटर बर्फ टिकतो. थोडका आहे, पण खरा आहे. तुमच्या मनात ही शंका पुन्हा आली तर हा आकडा आठवा. "काहीच होत नाही" हे वाक्य खोटं ठरायला तेवढा पुरेसा आहे.

आता मित्रांच्या बाजूने बोलते, कारण त्यांच्या म्हणण्यात टोमण्याच्या पलीकडे काही आहे. २०२० मध्ये जगभरची माणसं घरात बसली. विमानं जमिनीवर, रस्ते ओस. तरी त्या वर्षी जगाचं कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन साधारण पाच टक्क्यांनीच घटलं. का? वीज केंद्रं चालू होती, पोलादाच्या भट्ट्या आणि सिमेंटचे कारखाने थोड्या खंडानंतर पुन्हा धडधडू लागले होते. नाशिकरोडकडून एकलहऱ्याची धुरांडी तुम्हाला रोज दिसत असतील. तुम्ही दिवा बंद केलात तरी उरलेल्या दिव्यांसाठी वीज त्याच कोळशातून येते. माणसाने नुसतं स्वतःला आवरून घ्यायचं आणि भोवतालची यंत्रणा तशीच ठेवायची, या वाटेने फार दूर जाता येत नाही. शिवाय आपापलं कार्बन उत्सर्जन मोजा, ही कल्पना लोकांच्या मनात रुजवण्यात २००४-०५ च्या सुमाराला बीपी या ब्रिटिश तेल कंपनीच्या जाहिरात मोहिमेचा मोठा हात होता. सगळा भार ग्राहकाच्या मनावर टाकण्यात कुणाचं हित होतं, हे वेगळं सांगायला नको.

चीन-अमेरिकेचा मुद्दाही पूर्ण चुकीचा नाही. भारतात माणशी वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड, जगाची सरासरी पाचच्या जरा खाली, अमेरिकेत चौदाच्या आसपास. पण सरासरीच्या आड फार माणसं लपतात. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यात एखाद्या पाड्यावर राहणारं कुटुंब आणि तुमच्या फिरायच्या मंडळातलं दोन गाड्या, तीन एसी असलेलं कुटुंब, दोघांनाही त्या दोन टनांत बसवलं जातं. पाड्यावरच्या बाईला वीज कमी वापर म्हणण्याचा अधिकार तुम्हाला-मला नाही. तिला अजून वीज हवी आहे. पण "भारताचं उत्सर्जन कमीच आहे" असं जो माणूस आपल्या तिसऱ्या एसीच्या समर्थनासाठी म्हणतो, तो तिच्या वाट्याचं पुण्य आपल्या खात्यावर जमा करतो आहे. एवढं मित्रांना शांतपणे सांगा.

मग एका माणसाचा उपयोग कुठे वाढतो? जिथे त्याचा निर्णय त्याच्यापाशी थांबत नाही तिथे. आज सौर पॅनल स्वस्त आहेत याचं मोठं श्रेय चिनी कारखान्यांना जातं, पण त्या कारखान्यांना गिऱ्हाईक कुणी दिलं? जर्मनीने २००० मध्ये कायदा करून छपरावरच्या विजेला ठरावीक भाव बांधून दिला आणि तिथल्या सामान्य कुटुंबांनी, शेतकऱ्यांनी पॅनल फार महाग असताना ते बसवले. मागणी वाढली, उत्पादन वाढलं, किंमत कोसळली. त्या कुटुंबांनी वाचवलेला कोळसा जगाच्या मानाने नगण्य होता. त्यांनी पाडलेली किंमत नगण्य नव्हती. आपल्याकडे एलईडी बल्बचं असंच झालं. सरकार जो बल्ब २०१४ मध्ये ३१० रुपयांना विकत घेत होतं, तो घाऊक खरेदीमुळे २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. सरकारने एकगठ्ठा मागणी नोंदवली आणि कोट्यवधी घरांनी जुने बल्ब काढले. यातली एकच गोष्ट झाली असती तर भाव पडला नसता. कॅलिफोर्नियातला एक अभ्यास सांगतो की वस्तीत एका छपरावर पॅनल बसले की शेजारच्या छपरावर ते येण्याची शक्यता वाढते. माणसं शेजाऱ्याकडे बघून ठरवतात. नाशिकलाही हे वेगळं नसावं.

तुमच्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती तुम्ही ओझरती लिहिलेली गोष्ट: ४० सदनिका. लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे धरून अशा सोसायटीचा सामाईक मीटर महिन्याला दोन-अडीच हजार युनिट सहज ओढतो. गच्चीवर सावली न पडणारी दोन हजार चौरस फूट जागा असेल, तर तिथे साधारण २० किलोवॉटचा सौर संच बसतो. किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिट, म्हणजे वर्षाला सुमारे २९ हजार युनिट. ०.७ ने गुणा: २० टनांच्या आसपास. घरात तीन वर्षं विजेची काटकसर करून तुम्ही फार तर दीड टन वाचवलात. एक गच्ची दर वर्षी वीस टन वाचवील आणि पॅनल २५ वर्षं टिकतात.

पैशाचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तरी सारख्या अडचणीतल्या इतर वाचकांसाठी लिहिते. 'पीएम सूर्यघर' योजनेत गृहनिर्माण सोसायट्यांना सामाईक वापरासाठी किलोवॉटला १८ हजार रुपये अनुदान आहे, म्हणजे २० किलोवॉटला ३ लाख ६० हजार. संचाची किंमत साधारण दहा-बारा लाख धरली आणि युनिटला आठ-दहा रुपये वाचले, तर उरलेली रक्कम तीन-चार वर्षांत फिटते. वापरून उरलेली वीज महावितरणच्या जाळ्यात जाते आणि बिलात वळती होते. बिलाचे त्या वेळचे नियम मात्र अर्ज करण्याआधी तपासून घ्या, ते बदलत असतात. आणि आकडे दलालाच्या पत्रकावरून घेऊ नका, सोसायटीच्या बारा महिन्यांच्या बिलांवरून काढा.

अडचण पैशाची कमी आणि माणसांची जास्त असते. वरच्या मजल्यावरचे म्हणतील, खांब रोवले की गळती होणार. कुणी म्हणेल, पापड-वाळवणं कुठे घालायची. कुणी म्हणेल, मला फ्लॅट विकायचाय, मी कशाला पैसे भरू. प्रत्येकाला उत्तर आहे. सांगाडा स्लॅबला भोकं न पाडता, जड काँक्रीटच्या ठोकळ्यांवरही उभा करता येतो. तो उंच ठेवला तर खाली वाळवणंही होतात आणि वरच्या मजल्यावर थोडी सावली पडते. फ्लॅट विकणाऱ्याचा देखभाल खर्च कमी दिसला तर त्याचाच फायदा. पण ही उत्तरं घरोघरी जाऊन द्यावी लागतात. सभेत पहिल्यांदाच विषय काढला की तो पडतो. ज्याने कर्जाची प्रकरणं तपासण्यात आयुष्य घालवलं, ज्याला नको म्हणणाऱ्या माणसाशी न चिडता बोलता येतं, असा माणूस प्रत्येक सोसायटीत नसतो. तुमच्या सोसायटीत आहे.

आणि इथे तुमची ती तीन वर्षं कामी येतील. हवामानावर बोलणारा माणूस स्वतः कसा राहतो हे लोक बघतात आणि त्यावर त्याचं ऐकायचं की नाही ते ठरवतात. अमेरिकेत तर यावर अभ्यासही झाला आहे. १२० युनिटचं बिल हातात घेऊन बोलणाऱ्या माणसाला "आधी स्वतःचं बघा" असं कुणी म्हणू शकत नाही.

आता घराकडे येऊ. इथे मी तुमच्या बाजूने कमी बोलणार आहे.

गिझर बंद झाल्यावर अंघोळीचं पाणी तुमच्याकडे गॅसवर तापतं, असं तुम्ही लिहिलंय. उत्सर्जनाच्या हिशेबाने तुमचा निर्णय बरोबर आहे. कोळशाच्या विजेवर एक बादली तापवण्यापेक्षा गॅसवर तापवताना जवळजवळ निम्माच कार्बन डायऑक्साइड निघतो. पण पहाटे उठून ते पातेलं चढवतं कोण? आणि उकळतं पाणी दोन फडक्यांनी धरून न्हाणीपर्यंत नेतं कोण? पत्रात त्याचा उल्लेख नाही, त्यावरून मी अंदाज बांधला. चुकला असेल तर सोडून द्या. बरोबर असेल, तर वाचवलेल्या युनिटांची काही किंमत तुमच्या पत्नीच्या मनगटांनी चुकवली आहे आणि त्याची नोंद कुठेच झालेली नाही. साठीच्या बाईने जड पातेली उचलू नयेत. एकतर ते काम आजपासून तुमचं, नाहीतर गिझर सुरू करा आणि पाणी हवं तेवढंच तापवा. गच्चीवर पॅनल बसवताना सौर बंबाचीही चौकशी करा. नाशिकच्या उन्हाला तो बंब चांगला मानवतो.

असाच दुसरा प्रश्न नकाराचा. "आपण जायचं नाही" हे तुम्ही दोघांनी ठरवलंत की तुम्ही ठरवून मुलाला कळवलंत? पत्रावरून दुसरंच वाटतं. तुमच्या पत्नीने बहुधा जन्मभर कमीत कमी सामानात संसार केला असेल, एसटीने प्रवास केला असेल, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या असतील. त्याला तेव्हा कुणी टनांत मोजलं नाही. आता नातीला पहिल्यांदा मांडीवर घ्यायची वेळ आली, तेव्हा मोजमाप काढून तिच्यापुढे ठेवलं गेलं. ती रागावली आहे याचं मला नवल वाटत नाही.

विमानाचा आकडा लपवत नाही. मुंबई ते न्यूअर्क, म्हणजे न्यू जर्सीचा विमानतळ, जाऊन-येऊन पंचवीस हजार किलोमीटर होतात. साध्या वर्गात माणशी दीड ते दोन टन, दोघांचे तीन ते चार. नऊ ते बारा चौरस मीटर बर्फ, म्हणजे एका खोलीएवढा. उंचावर सोडलेल्या धुराचा आणि वाफेचा परिणाम वेगळाच. तुम्ही बिचकलात ते योग्य आहे, आणि इतकं कळल्यावर ज्याला काहीच वाटत नाही त्याच्यापेक्षा तुमची अस्वस्थता मला जवळची वाटते.

तरीही माझा सल्ला आहे: जा. दोघंही जा.

कारण सांगते. दर दिवाळीला दुबई, दर उन्हाळ्यात बाली अशी विमानं टाळणं आणि नातीला पहिल्यांदा भेटणं टाळणं या दोन गोष्टी टनांत सारख्या भरल्या तरी सारख्या नाहीत. उत्सर्जन कमी करायचं ते कशासाठी, तर पुढच्यांना नीट जगता यावं म्हणून. त्या पुढच्यांतली एक तुमच्या ओळखीची आहे. जी गोष्ट सोडल्याने माणूस आतून कडवट होतो आणि घर दुभंगतं, ती सोडण्याने मोहीम पुढे जात नाही. आजूबाजूचे एवढंच शिकतात की पर्यावरणाचं मनावर घेतलं की माणूस नातवंडांनाही मुकतो.

पण जाण्याची रीत बदलता येते. पंधरा दिवसांसाठी जाऊ नका. तिथे राहायला मिळालेल्या मुदतीत बसेल तेवढं, चार-पाच महिने राहा आणि पुढची दोन-तीन वर्षं तो प्रवास पुन्हा करू नका. थेट विमान मिळत असेल तर थेट घ्या. वाट वाकडी करून दोनदा चढ-उतार केली की इंधन जास्त जळतं. साध्या वर्गातच बसा, रुंद खुर्चीचा वाटा कितीतरी मोठा असतो. आणि या प्रवासाची 'भरपाई' म्हणून गच्चीवरच्या पॅनलकडे पाहू नका. हवेत गेलेल्या चार टनांतला बराच भाग हवेत राहणार, पुढची शेकडो वर्षं. पॅनल बसवायचे ते बसवायलाच हवेत म्हणून. तुम्ही गेलात तरी आणि नाही गेलात तरी.

न्यू जर्सीत मुलाशीही बोला, पहिल्याच दिवशी नव्हे. अमेरिकेतल्या एका घराचं उत्सर्जन आपल्या अनेक घरांएवढं असतं, त्यामुळे तिथला एक निर्णय जड असतो. घर तापवायला काय वापरतात, पुढची गाडी कोणती घेणार, छपरावर पॅनल बसतील का. ते राज्य छपरांवरच्या सौर विजेत तिथल्या आघाडीच्या राज्यांपैकी आहे. आजोबांनी आल्या आल्या दिवे बंद करत फिरणं मुलगा-सून हसून सोडून देतील. आजोबांनी बारा महिन्यांची बिलं मागून हिशेब मांडून दिला तर कदाचित ऐकतील.

अशीच घालमेल असलेली आणखी पत्रं माझ्याकडे आहेत, त्यांतल्या बहुतेकांकडे स्वतःची गच्ची नाही. भाड्याने राहणाऱ्यांना मी एवढंच म्हणेन की रोजच्या शंभर बारीक गोष्टींनी जीव काढून घेऊ नका. दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या निर्णयांवर जोर द्या. ऑफिसपासून किती लांब घर घ्यायचं, गाडी घ्यायची का, घेतली तर कोणती. लिटरभर पेट्रोल जळलं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. रोज चाळीस किलोमीटरची ये-जा मागे लागली की मग पिशव्या घडी करून ठेवण्याने ती भरून निघत नाही. ओला कचरा जिरवता येत असेल तर जिरवा, कारण कचरा डेपोत कुजताना त्यातून मिथेन निघतो. पुणे महापालिका सौर संच आणि गांडूळखत करणाऱ्यांना मिळकत करात ५ ते १० टक्के सवलत देते. आपल्या शहरात अशी सवलत नसेल तर नगरसेवकाकडे ती मागणं हे एका माणसाचंच काम आहे. महाराष्ट्र वीज नियामक आयोग दरवाढीच्या प्रस्तावांवर जनसुनावणी घेतो, तिथे कोणताही ग्राहक लेखी हरकत नोंदवू शकतो. कोळशाची वीज किती आणि कशी घ्यायची याची चर्चा तिथे होते आणि समोरच्या खुर्च्या बऱ्याचदा रिकाम्या असतात. निवृत्त मंडळींनी इकडे लक्ष द्यावं असं मला मनापासून वाटतं. ताळेबंद वाचता येणारी माणसं तिथे हवी आहेत.

तुमच्यापुरता क्रम असा लावा. आज पत्नीशी बोला, आणि बोलताना आकडे बाजूला ठेवा. आपण दोघांनी मिळून ठरवायला हवं होतं, एवढं म्हणा आणि तिचं ऐका. तारखा तिला ठरवू द्या. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते आणि तिची सूचना पूर्ण १४ दिवस आधी निघते, म्हणजे गच्चीचा विषय पत्रिकेवर यायला हवा असेल तर सेक्रेटरींना ऑगस्टमध्येच लेखी द्या. तोवर चाळीसपैकी निदान पंचवीस घरी जाऊन आलेले असा. जे मित्र टोमणे मारतात त्यांच्यापैकी कुणी तुमच्याच सोसायटीत राहत असेल तर त्याच्याकडे आधी जा. दोन-तीन कंत्राटदारांचे भाव, सामाईक मीटरची बारा बिलं आणि गच्चीचा नकाशा एका फाइलमध्ये लावा. ठराव मंजूर झाला की पुढचे अर्ज आणि पाठपुरावा करायला एखाद्या तरुण सभासदाला सोबत घ्या, कारण महावितरणचे लोक पाहणीला येतील तेव्हा तुम्ही नातीजवळ असाल.